वसई ते कल्याण, एकट्याने कायाकमधून: भरतीबरोबर खाडीने वर जाताना

तिवरकाठ (धागाकर्ता), कोलशेत, ठाणे

उल्हास नदीतून किंवा वसईच्या खाडीतून कायाक चालवण्याचा विषय निघाला की बहुतेक जण कल्याणहून निघून वसईला उतरण्याचा बेत सांगतात, कारण नदी समुद्राकडे वाहते आणि प्रवाहाबरोबर जाणे सोपे, हे शाळेपासून मनात बसलेले असते. मी हा प्रवास या हिवाळ्यात उलट दिशेने केला. वसई किल्ल्याजवळच्या धक्क्यावरून निघून भाईंदर, घोडबंदर, गायमुख, कोलशेत, काल्हेर, कशेळी, मुंब्रा आणि डोंबिवलीवरून कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखालच्या गणेश घाटापर्यंत मी गेलो, आणि ही सगळी वाट भरतीच्या पाण्याबरोबर कापली. एका भरतीत कोलशेत गाठले, तिथे घरीच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीत कल्याण गाठले. दिशेचा हा मुद्दा नीट मांडावा आणि खाडीच्या जाणकारांकडून त्यात भर पडावी, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

भरती म्हणजे सगळ्या खाडीत एकाच वेळी पाणी चढते, असे नसते. भरतीची लाट वसईच्या मुखातून आत शिरते आणि आत आत सरकत जाते. मुखाशी पाणी पूर्ण भरले तरी कोलशेतला ते अजून चढतच असते, आणि कल्याणला तर त्याहूनही उशिरा भरते. आपण आतल्या दिशेने जात असलो की या लाटेच्या बरोबरीने पुढे सरकतो. मागे वसईला ओहोटी लागली तरी आपल्या होडीखालचे पाणी अजून आतच चाललेले असते आणि सहा तासांची भरती आपल्यापुरती लांबते. कल्याणहून खाली येणाऱ्याचे याच्या बरोबर उलट होते. कल्याणला पाणी उतरायला लागते तोवर खाली घोडबंदरला ओहोटी बरीच पुढे गेलेली असते, आणि तो तिथे पोहोचेपर्यंत नवी भरती समोरून अंगावर येते. उन्हाळ्या-हिवाळ्यात नदीचे स्वतःचे पाणी इतके कमी असते, की कल्याणच्या खाली प्रवाह कुठल्या दिशेचा हे समुद्रच ठरवतो.

दुसरे कारण वाऱ्याचे आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारे सुटतात आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. वसईची खाडी साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेली असल्यामुळे दुपारचा खारा वारा आत जाणाऱ्याच्या पाठीवर येतो. ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे आणि वारा पूर्वेकडे अशी गाठ पडली, की आखूड आणि उभ्या लाटा उठतात. भाईंदरच्या रेल्वेपुलापासून वरसावे पुलापर्यंत, जिथे पात्र रुंद आणि उघडे आहे, तिथे अशा लाटांत एकट्या माणसाने सापडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे कारण उतरण्याचे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भरतीबरोबर गेलेला माणूस पाणी भरलेले असताना मुक्कामी पोहोचतो, त्यामुळे थेट घाटाच्या पायरीला होडी लावून उतरता येते. ओहोटीबरोबर गेलेला माणूस चिखलाच्या पट्ट्याशी पोहोचतो, आणि आपल्या खाडीचा गाळ मांडीपर्यंत आत ओढतो, हे काठावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मात्र निघताना पाणी सुकलेले असते, म्हणून खोल पाण्यापर्यंत पोहोचणारा धक्का शोधावा, किंवा भरती लागून तासभर झाल्यावर निघावे.

दिवस निवडताना मी तिथी पाहिली. तिथीची पाऊणपट केली की मुखाजवळच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानाने मिळते, हा कोळीवाड्यांत पूर्वापार चालत आलेला हिशोब आहे. अष्टमीला सहा, तृतीयेला सव्वादोन. ही भरती १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी पाच मीटरच्या आसपास चढते आणि प्रवाह जोरदार असतो, तर अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाणी संथ राहते. पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया मला सोयीची वाटली, कारण सकाळी आठच्या सुमारास भरती लागते, उधाणाचा जोर टिकून असतो आणि भरतीच्या शेवटच्या दोन तासांत खारा वाराही मिळतो. सरकारी भरती-कोष्टकाशी ताळा करून घेणे अर्थातच आवश्यक आहे.

आता वाटेविषयी. नायगाव आणि भाईंदर यांच्या मधोमध पाणजू बेट आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पात्रांवरून रेल्वे जाते आणि वापरात नसलेला जुना पूलही शेजारी उभा आहे. पुलांच्या खांबांमागे पाणी भोवरा धरते, त्यामुळे दोन खांबांच्या बरोबर मध्यातून आणि वल्हे न थांबवता निघून जावे. वरसावे पुलाच्या परिसरात दक्षिणेला घोडबंदरचा किल्ला आहे आणि पुढे पात्र आवळत जाते. इथून गायमुखापर्यंतचा टप्पा हा या सगळ्या वाटेचा गाभा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला विभाग खाडीच्या पलीकडे, उत्तर काठाला आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना जंगलाचे डोंगर आणि त्यांच्या पायाशी तिवरांची सलग ओळ दिसते, तर घोडबंदर रस्त्यावरच्या अवजड गाड्यांचा आवाज मात्र पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत राहतो. तिवरांच्या कडेने हळू गेलो तेव्हा चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळे एकेक करून पाण्याखाली जाताना दिसत होती, आणि निवटे (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) पाण्याच्या कडेबरोबर वर वर सरकत, कल्ले फुगवून, पुन्हा एकदा उडी मारून जागा बदलत होते. पाणी किती वेगाने चढते आहे, हे त्या मुळांकडे पाहून जितके कळले तितके कोष्टकावरून कळले नव्हते.

कशेळीच्या पुढे पाण्याचा रंग आणि वास दोन्ही बदलतात, आणि मुंब्र्याला पारसिकच्या डोंगराखालून जाताना रेती उपसणाऱ्या बार्जच्या लोखंडी दोरांपासून दूर राहावे लागते. डोंबिवलीनंतर काठ पुन्हा मोकळा होतो.

मला दोन गोष्टी जाणकारांकडून समजून घ्यायच्या आहेत. साष्टी हे बेट असल्यामुळे ठाण्याला भरती दोन्हीकडून येते, एक वसईकडून आणि एक मुंबई बंदराकडून. या दोन भरत्या नेमक्या कुठे भेटतात? आणि कोलशेत ते कशेळीच्या टप्प्यातील जाळ्यांच्या खुंटांमधून सुरक्षित वाट कोणती?


चेंदणीचा, ठाणे पूर्व

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून खाडीची मासेमारी आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो.

कळव्याच्या पुलापासून साकेतच्या बाजूने वर जाऊन उल्हासला मिळणारा अरुंद फाटा आपण पाहिला असेल. दोन्ही भरत्या याच पट्ट्यात समोरासमोर येतात. भेटीची जागा तिथीप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे थोडी इकडे-तिकडे होते, पण खूण अशी की भरती चालू असूनही पाण्यावरचा पालापाचोळा एका जागी उभा राहतो. दोन्हीकडचे पाणी थबकले की त्यातला गाळ खाली बसतो, आणि हा फाटा उथळ होत जाण्यामागे भराव आणि कचरा यांच्याइतकेच हेही कारण आहे. माझ्या आजोबांच्या वेळी तिथून मोठ्या होड्या पार होत असत. आज ओहोटीला लहान होडीही टेकते.

जाळ्यांबाबत मी जरा सविस्तर लिहितो, कारण आपला भरतीबरोबर जाण्याचा सल्ला या एका बाबतीत जपून घ्यावा लागेल. खाडीत बोकशी लावतात ती प्रवाहाच्या तोंडावर. दोन खुंटांच्या मध्ये जाळ्याचे तोंड ताणलेले असते आणि मागे ते निमुळते होत जाऊन शेपटाशी दोरीने बांधलेले असते. प्रवाह जोरात असतो तेव्हाच ही जाळी काम करतात, म्हणजे आपण ज्या पाण्याच्या भरवशावर निघता तेच पाणी आपल्याला जाळ्याच्या तोंडात नेऊन सोडते. होडी आडवी झाली, खुंटाला अडकली आणि वरून पाण्याचा दाब आला, तर कायाक उलटायला क्षणही लागत नाही, आणि जाळ्यात पाय गुंतलेल्या माणसाला लाइफ जॅकेटचाही उपयोग मर्यादितच होतो.

खुंट पाण्याखाली गेला तरी ओळखता येतो. त्याच्या मागे पाण्यावर चुणी पडते आणि ती प्रवाहाच्या दिशेने लांबत जाते. अशा दोन चुण्या एका रेषेत दिसल्या की मध्ये जाळे आहे असे समजून बाहेरून वळसा घ्यावा. रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर तो कचरा नसून जाळ्याचे बोये असण्याची शक्यता अधिक. कोलशेत ते कशेळी या टप्प्यात वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पाणी खोल असते, तिथून जावे. निघण्याआधी बंदरावर कोणाही नाखव्याला विचारले तर तो त्या दिवशी जाळी कुठे लावली आहेत ते आनंदाने सांगेल. जाळ्याला हात लावू नये आणि अडकलोच तर जाळे कापण्यापूर्वी हाक मारावी, एवढी विनंती सर्व कायाकवाल्यांना आहे, कारण एका बोकशीमागे घरातल्या माणसांचे अनेक दिवसांचे विणकाम असते.


सोपारा, नालासोपारा

धागाकर्त्याने भरतीची लाट आत सरकत जाते असे जे लिहिले आहे, त्यावरून कल्याण बंदराबद्दलच्या एका जुन्या कोड्याचा विचार वेगळ्या बाजूने करता येईल असे वाटते. समुद्रापासून इतक्या आत, नदीच्या वळणावर असलेले गाव मोठे बंदर कसे झाले, असे अनेकदा विचारले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे; थोरल्या सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळी ती अधिकृत बाजारपेठ होती, पण पुढे तिथे जाणारी ग्रीक जहाजे पहारा ठेवून भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याण आणि सोपारा या दोन्ही गावांचे दाते आढळतात. बाहेरच्या व्यापाऱ्याला आपला माल बैलांवर न लादता, भरतीच्या पाण्यावर घाटवाटांच्या पायथ्याच्या शक्य तितक्या जवळ नेता येत असेल, तर नाणेघाटाकडे किंवा बोरघाटाकडे निघण्यासाठी कल्याणइतकी सोयीची दुसरी जागा कोणती? भरलेले गलबत भरतीबरोबर आत यावे आणि हलके होऊन ओहोटीने बाहेर पडावे, ही रचना माल आत आणणाऱ्याच्याच सोयीची आहे.

त्याच पाण्याची दुसरी बाजू सतराव्या शतकात दिसते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीच्या परिसरात जहाजबांधणी सुरू झाली. मराठी आरमाराचा आरंभ इथलाच मानला जातो. पण इथे बांधलेल्या जहाजाला समुद्रावर जायला दोनच वाटा होत्या. एक घोडबंदर आणि वसईच्या तोफांखालून जाणारी, आणि दुसरी ठाण्याच्या बाजूने साष्टीला वळसा घालून जाणारी. त्या काळी साष्टी आणि वसई दोन्ही पोर्तुगिजांकडे होत्या, आणि वसई तर १५३४ च्या तहापासून त्यांच्या ताब्यात होती. कल्याणला बसून पुढचा समुद्र आपला नाही, ही अडचण मराठ्यांना पुढची कित्येक दशके जाणवत राहिली असणार. १७३७ च्या मोहिमेत आधी ठाणे आणि साष्टी घेतली गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा कुठे मुखापासून कल्याणपर्यंतचे हे सगळे पाणी एका सत्तेखाली आले. धागाकर्ता ज्या वाटेने दोन भरत्यांत गेला, ती वाट एका हाती यायला कल्याण घेतल्यापासून ८२ वर्षे लागली.

दुर्गाडीखाली उतरणाऱ्या प्रत्येकाने वर जाऊन एकदा खाडीकडे पाहावे. पात्राचे वळण तिथून जसे उलगडते तसे ते नकाशात उलगडत नाही.


उत्तररान, व्हरमाँट (मूळचा नौपाड्याचा)

इथे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात नॉर्दर्न फॉरेस्ट कनू ट्रेल नावाचा जलमार्ग आहे आणि त्याचे काही भाग मी एकट्याने केले आहेत, म्हणून दिशेच्या चर्चेत थोडी भर घालतो. न्यूयॉर्क राज्यातील ओल्ड फोर्ज येथून निघून व्हरमाँट, कॅनडातील क्युबेक, न्यू हॅम्पशायर असे करत हा मार्ग मेन राज्यातील फोर्ट केंटला संपतो. त्याची लांबी ७४० मैल, म्हणजे सुमारे १,१९० किलोमीटर आहे. तो २००६ मध्ये खुला झाला, पण त्यातली तळी आणि नद्या तिथले मूळ रहिवासी शेकडो वर्षांपासून प्रवासाला वापरत आले आहेत.

संपूर्ण मार्ग करणारे लोक सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. सुरुवातीला ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांतली तळी, मग सॅरॅनॅक नदीने खाली उतरून लेक शॅम्पलेन, असा हा क्रम आहे. पण शॅम्पलेन ओलांडल्यावर मिसिस्क्वॉय नदीने उलट, प्रवाहाविरुद्ध वर जावे लागते, आणि तिथे मदतीला भरती नसते. उथळ पाण्यात होडीला दोर बांधून, गोट्यांवरून पाय घसरत, तिला ओढत चालावे लागते. वरच्या टोकाशी होडी पाठीवर किंवा दोन चाकांच्या गाड्यावर घालून डांबरी रस्त्याने पुढच्या तळ्यापर्यंत, लेक मेम्फ्रेमॅगॉगपर्यंत, न्यावी लागते. एका पाणलोटातून दुसऱ्यात जाण्यासाठी होडी वाहून नेण्याच्या अशा जागा या मार्गावर ठिकठिकाणी आहेत आणि त्यांतल्या काही वाटा फार जुन्या आहेत. वसईहून कल्याणला जाणारे पाणी आपण होऊन वर चढते, हे वाचून मला माझ्याच गावाचा नव्याने हेवा वाटला.

एका बाबतीत मात्र इथले शिकण्यासारखे आहे. मार्गाचे नकाशे टप्प्याटप्प्याने छापलेले मिळतात आणि प्रत्येकावर होडी पाण्यात सोडण्याच्या, उतरण्याच्या आणि मुक्कामाच्या जागा दाखवलेल्या असतात. लेक शॅम्पलेन सुमारे १९० किलोमीटर लांब आहे आणि वारा सुटला तर काही वेळात समुद्रासारखे खवळते. एकटा माणूस तिथे पहाटे निघतो आणि बेटांच्या आडोशाने जातो, कारण पुढची आडोशाची जागा कुठे आहे हे त्याला निघण्याआधी माहीत असते.  आपल्याकडे १२ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ आहे आणि त्याची लांबी १४५ किलोमीटर दिलेली आहे. त्यावर प्रवासी बोटी येतील तेव्हा येतील. पण कोलशेत, नागला, कशेळी, मुंब्रा इथे वल्ह्याच्या होडीने उतरता येईल का, आणि भरतीच्या कोणत्या वेळी, एवढा साधा नकाशा आपल्यापैकी कोणी तयार करू शकेल का?


ऐरोलीकर, नवी मुंबई

मला पुढच्या महिन्यात हाच प्रवास एकटीने करायचा आहे, म्हणून माझे प्रश्न अगदी व्यवहाराचे आहेत. मी नियमितपणे कायाक चालवते आणि पाण्यात उलटल्यावर परत चढण्याचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली केलेला आहे, परंतु तो संथ पाण्यात. भरतीच्या प्रवाहात उलटले तर काय करावे? कोणाला आधी कळवावे लागते? आणि निघण्याची जागा घराजवळ असावी म्हणून ऐरोलीहून ठाणे खाडीने साकेतपर्यंत आणि तिथून उल्हासमध्ये शिरण्याचा विचार मनात होता. तो कितपत बरा?


तिवरकाठ

चेंदणीच्या मित्राचे मनापासून आभार. चुणीची खूण मी आता प्रत्येक नवशिक्याला सांगणार आहे.

ऐरोलीकर, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ऐरोलीचा बेत सोडून द्यावा असे मला वाटते. ठाणे खाडीचा पश्चिम भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, त्याचे क्षेत्र १,६९० हेक्टर आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीशिवाय होडी नेता येत नाही, आणि हे योग्यच आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो ओहोटीच्या चिखलावर चरतात आणि भरतीला विश्रांतीसाठी सरकतात; त्यांच्या जवळ गेलेली एक होडी अख्खा थवा उठवते, आणि त्यांचे चरण्याचे मोजके तास वाया जातात. शिवाय साकेतचा फाटा उथळ आहे हे आपण वर वाचलेच. पक्षी पाहायचे असतील तर ऐरोलीच्या केंद्रातून सुटणाऱ्या बोटीने जावे.

प्रवाहात उलटल्यावर पहिली गोष्ट म्हणजे होडी सोडू नये. वल्हे मनगटाला किंवा होडीला दोरीने बांधलेले असावे. मात्र चेंदणीच्या मित्राने सांगितलेला धोका लक्षात घेता ती दोरी एका झटक्यात सुटणारी हवी आणि छातीवर चाकू हवा. स्वतः होडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिकडून पाणी येते तिकडे राहावे, नाहीतर खुंट आणि होडी यांच्या मध्ये आपण चेपले जाऊ. भरती आपल्याला आत, गावांच्या दिशेने नेते आणि समुद्रावर ओढत नाही, ही एकट्या माणसासाठी फार मोठी जमेची बाजू आहे. बंद कायाकपेक्षा वर बसायची, आपोआप पाणी निथळणारी कायाक या वाटेला बरी.

कळवण्याबाबत सांगायचे, तर निघण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाला आणि जवळच्या सागरी पोलिसांना लेखी कळवावे. २००८ च्या हल्ल्यानंतर खाडीतल्या अनोळखी होडीकडे संशयाने पाहिले जाते, आणि पाठीवर पिशवी घेऊन एकटेच वल्हवत आलेल्या माणसाची चौकशी होणे स्वाभाविक आहे. जमिनीवर एक माणूस असावा, ज्याला आपण कोणत्या पुलाखालून किती वाजता जाणार हे लिहून दिलेले आहे. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास फोन आला नाही तर त्याने काय करायचे, हेही त्याच कागदावर असावे. एकट्याने जाणे याचा अर्थ कोणाला न सांगता जाणे असा होत नाही. कुठे ओरखडा किंवा जखम असेल तर ती पाण्यापासून झाकावी, विशेषतः कल्याणजवळ, जिथे वालधुनी नदीचे प्रदूषित पाणी उल्हासला मिळते.

उत्तररान, नकाशाची सूचना मी उचलतो. कोलशेत आणि नागल्यापासून सुरुवात करतो.


दुर्गाडीखाली, कल्याण पश्चिम

मी कल्याणहून खाली जाणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. धागाकर्त्याचे सगळे मुद्दे उधाणाच्या दिवसांना लागू आहेत. भांगाच्या दिवशी चित्र बदलते. अष्टमीच्या सुमारास मुखाशी सकाळी सहाला पूर्ण भरती असते, कल्याणला ती त्यानंतर होते, आणि ओहोटीबरोबर निघालेल्या माणसाला दुपारपर्यंत मतलई वारा पाठीवर मिळतो. प्रवाह मंद असतो, त्यामुळे बोकशीचा धोकाही कमी. शिवाय भांगाच्या ओहोटीत पाणी फारसे सुकत नाही, म्हणून चिखलाचा पट्टा अरुंद राहतो. मी घोडबंदरच्या अलीकडे, गायमुखाला थांबतो आणि वसईपर्यंतचा उघडा भाग दुसऱ्या दिवशी सकाळीच करतो. नवशिक्याने, माझ्या मते, आधी भांगाच्या संथ पाण्यात ही वाट पाहावी आणि मग उधाणाचा विचार करावा.

आणखी एक. पावसाळ्यात आणि नवरात्रापर्यंत या पात्राकडे फिरकू नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावे लागले होते. वरचा पाऊस कल्याणला पोहोचतो तेव्हा भरतीचे कुठलेही गणित चालत नाही.


तिवरकाठ

भांगाचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि पहिल्या फेरीसाठी तोच सल्ला योग्य ठरेल. दिशेबद्दलचे माझे म्हणणे उधाणापुरते समजावे. चिखलाबाबत मात्र मी ठाम आहे. अरुंद पट्टासुद्धा एकट्या माणसाला होडीसह ओलांडणे कठीण जाते.


ऐरोलीकर

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी बेत बदलला आहे. आधी येत्या अष्टमीला गायमुख ते कोलशेत एवढाच तुकडा भांगाच्या पाण्यात करीन, सोबत एक ओळखीची होडी ठेवीन आणि बोकशीच्या चुण्या ओळखायला शिकेन. त्यानंतरच्या पौर्णिमेनंतर तृतीयेला वसईहून एकटीने निघेन. एक प्रश्न राहतो. दुसऱ्या दिवशी कोलशेतहून निघाल्यावर भरती संपायच्या आत कल्याण गाठता आले नाही, तर कुठे थांबावे?


चेंदणीचा

डोंबिवलीच्या बाजूला मोठागावचा काठ सोयीचा आहे. माणकोलीला जाणाऱ्या नव्या पुलाची खूण दुरून दिसते. तिथे पाणी थबकलेले असतानाच उतरून घ्यावे, ओहोटी लागल्यावर नव्हे. एक लक्षात ठेवावे की खाडीच्या इतक्या आत भरती थोड्या वेळात चढते आणि ओहोटी बराच काळ रेंगाळते, त्यामुळे पुढच्या भरतीची वाट पाहण्यापेक्षा टेम्पो बोलवावा. कोलशेतहून निघायच्या आदल्या संध्याकाळी इथे लिहिलेत तर कशेळीच्या बाजूला त्या दिवशी कोणाची जाळी कुठे आहेत, ते मी विचारून कळवतो.